खोडावरील कवच : आधीं ओळख, मग औषध

पावसाळा सरला कीं रत्नागिरी जिल्ह्यांतील आंब्यांच्या व पोफळींच्या खोडांवर पांढुरके, करडे चट्टे ठळक दिसूं लागतात. ते झाडाचा रस शोषितात असें समजून कित्येक बागाईतदार साल खरवडतात व औषध फवारतात. हा खर्च बहुधा व्यर्थ होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हे चट्टे म्हणजे कवचरूप शैवाक. मसाल्यांतील दगडफूल हेंहि शैवाकच. परंतु तें पानासारखें सुटें वाढतें, कवचरूप शैवाक मात्र सालीस घट्ट चिकटून असतें. बुरशी व शेवाळ यांचा तो एकत्र संसार असून शेवाळ उन्हाच्या बळावर अन्न तयार करितें; झाड केवळ बसावयास जागा देतें. पालवी विरळ होऊन खोडावर उजेड पडला कीं शैवाक फोफावतें. अशा वेळीं खत व मुळें यांकडे पाहावें. खरवडल्यानें सालीस जखम मात्र होते.

तथापि प्रत्येक पांढरा थर शैवाक नव्हे. गुलाबी रोगाची बुरशी प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, पुढें फिकट गुलाबी होते, साल तडकते व फांदी वाळते. ती फांदी रोगट भागाच्या खालून कापून जाळावी व कापल्या जागीं बोर्डो पेस्ट लावावी. येथें आळस केल्यास नुकसान खरें आहे.

नुसत्या रंगावर विसंबूं नये, हें शास्त्रज्ञहि जाणतात. ग्राफिस गणाच्या शैवाकांवर मोडी अक्षरांसारख्या काळ्या रेघा, तर लेकॅनोरावर काठ असलेल्या बारीक चकत्या असतात. परंतु रूप सारखें असूनहि आंतील आम्लें भिन्न असूं शकतात. म्हणून सन १८६६ मध्यें नायलँडर यांनीं रंगपरीक्षा प्रचारांत आणली. कॉस्टिक पोटॅशच्या द्रवानें नॉरस्टिक्टिक आम्ल आधीं पिवळें व मग तांबडें होतें. ब्लीचिंग पावडरच्या द्रवानें लेकॅनोरिक आम्ल लाल होतें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत डॉ. पटवर्धन, डॉ. मखिजा प्रभृतींनीं रूप व रसायन दोन्ही तपासून या वर्गाचा मोठा अभ्यास केला.

हें ज्ञान संग्रहालयांतील कपाटांतच राहूं नये. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें शैवाक व रोग शेजारीं दाखविणारा सचित्र तक्ता मराठींत काढावा, अशी आमची मागणी आहे. तोंवर बागाईतदार बंधूंनीं शंका येतांच सालीचा तुकडा तज्ज्ञांस दाखवावा, आणि मगच औषधास पैसा द्यावा.