टाकी, पंप आणि चिकटलेला रिले

गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, म्हणून आम्ही टाकीत फ्लोट सोडला आणि ईएसपी ८२६६ चिपला रिले जोडून वायफायवरचा स्विच घरीच बनवला. आठवडाभर अम्मी खूश! मग एका पहाटे मोबाइलवर ‘बंद’ दिसत होतं आणि पाणी जिन्यावरून वाहत होतं. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं खरं, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या ठिणग्यांनी आतले पॉइंट चिकटून बसले होते. आता रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो, पंपाचा भार कॉन्टॅक्टर घेतो. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घेतली. भिंतीवरचा जुना स्विच काढायला अब्बांनी आधीपासूनच नकार दिला होता. त्या पहाटे पंप त्यानंच बंद झाला.