खारपाणपट्टा आणि पाण्याचा आग्रह

वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांवर पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील जिरायत शेतकऱ्याच्या दैन्याचे कारण पाण्याचा अभाव हेच होय, सबब विहिरी व विंधनविहिरी खोदाव्यात, धरणांतून कालवे आणावेत, म्हणजे दुखणे आपोआप हटेल, असा एक पक्ष सभांतून आणि सरकारदरबारी केलेल्या अर्जांतून वर्षानुवर्षे मांडला जात आहे. मांडणाऱ्यांची कळकळ निःसंशय खरी; निदान मात्र चुकलेले आहे.

या मुलखात वर्षाकाठी ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सोलापूर-नगरकडच्या रयतेला हेवा वाटावा इतका. उणीव आहे ती तो जमिनीत मुरण्याची. येथील काळ्या मातीत निम्म्याहून अधिक चिकणकण. त्यांना सोडियम चिकटला की ते ओलाव्यात विखुरतात आणि मातीची सूक्ष्म छिद्रे बुजवून टाकतात. मग पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल माजतो, वरचे पाणी साचून पिकाची मुळे गुदमरवते किंवा नाल्याने वाहून जाते, आणि दिवाळीनंतर त्याच शेतात कपाशीला व तुरीला खालची ओल मिळेनाशी होते.

येथे एके काळी समुद्र होता, म्हणून जमीन खारी, ही आख्यायिका सुशिक्षितही सांगतात. मातीतील सोडियमाच्या उलगड्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. हा गाळ दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्यातील खनिजे झिजताना सोडियम सुटतो, आणि निमकोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसल्यामुळे चिकणमातीवर सोडियमाचे वर्चस्व होते, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. अमेरिकेत १९५४ साली रूढ झालेल्या मापदंडाप्रमाणे विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ झाल्याखेरीज जमीन चोपण ठरत नाही. पूर्णेकाठच्या मातीचा निचरा तर शेकडा ५ च्या सुमारासच बिघडू लागतो. प्रयोगशाळेच्या कागदावर निर्दोष ठरलेले शेत प्रत्यक्षात नापीक का, या शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर येथे सापडते.

अशा जमिनीला विहिरीचे पाणी देणे म्हणजे रोग्याला त्याचाच विकार औषध म्हणून पाजणे होय. त्या पाण्यात सोडियमाचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असतात. प्रत्येक पाळीला मातीतील कॅल्शियम चुनखडीत अडकतो आणि सोडियमाला मोकळे रान मिळते. एखाद्या हंगामात हरभरा हाती लागतो खरा, आणि तेवढ्यावर शेजारीही मोटार बसवतो! कालव्याचे पाणी गोडे असते, हे मान्य. पण नीरेच्या खोऱ्यात १८८५ साली कालव्याचे गोडे पाणीच आले होते. निचऱ्याची तजवीज न झाल्याने भूजल वर चढले, क्षार पृष्ठभागी आले, आणि १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांना तेथील खारवट जमिनींवर एका सहकाऱ्यासह स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पूर्णेकाठची माती तर मुळातच निचरा नाकारणारी.

मग करावयाचे काय? पावसाचे पाणी हेच या पट्ट्याचे खरे भांडवल मानावे. उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा-सरी केल्याने पाणी मुरण्यास अवधी मिळतो व अधिकचे सरीतून निघून जाते. ज्या चिकणमातीमुळे शेतात पाणी मुरत नाही, तिच्यामुळेच शेततळ्याचा पाझर अल्प राहतो, आणि प्लॅस्टिकचे अस्तर न घालताही संरक्षित पाळीपुरते पाणी टिकते. दोषाचा असा उपयोग इतरत्र क्वचितच साधतो. धैंचा फुलावर येताच गाडला तर मातीची घडण सैल होते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमाला चिकणकणांवरून हुसकावतो, आणि पाऊस त्याचे सल्फेट धुऊन नेतो.

जिप्सम टाकले, फरक पडला नाही, ही तक्रार अनेकांच्या तोंडी आहे, आणि ती खोटी नाही. सुटलेल्या सोडियमाला शेताबाहेर वाट नसेल तर तो तेथेच राहणार. परंतु ही वाट एकट्या शेतकऱ्याला काढता येत नाही. वरच्या शेतातील क्षारपाणी खालच्या शेतात सोडले तर बांधावर तंटा उभा राहणार, हे उघड आहे. म्हणून गावनकाशावर नाल्यांचा आराखडा व त्यांच्या सफाईची मंजुरी आधी, जिप्समची पोती त्यानंतर, आणि विहिरींच्या अनुदानाचा अर्ज सर्वांत शेवटी, तोही पाण्याची तपासणी जोडूनच विचारात घ्यावा.