शिधा आईच्या मागे जावा



आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गरोदर बायकांसाठीच्या पावडरीचे डबे औषध दुकानांत अगदी दर्शनी फळीवर मांडलेले असतात. घरी बसून जीन्सचे धागे कापणारी बाईसुद्धा पोटाला चिमटा काढून तीन-चारशे रुपयांचा डबा नेते. मग तिला सुनावणारे पुष्कळ भेटतात: त्यापेक्षा डाळ खा, अंडं खा, शेंगदाणे-गूळ खा. सल्ला खरा आहे. पण कायद्याने तिला कबूल केलेला आहार कुठे अडतो, हे तिला सुनावणाऱ्यांनी विचारायला हवं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. रोजचे ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं भरतील इतका. बाळाला सहा महिने झाले की त्याचा वेगळा शिधा. मात्र हा हक्क जिथे नाव नोंदवलेलं आहे त्या अंगणवाडीला बांधलेला आहे, आणि आमची शहरं भाडेकरूंची. अकरा महिन्यांचा करार संपला की उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधलं बिऱ्हाड अंबरनाथला जातं, तिथून बदलापूरला. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात गेलेली लेक बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. तोवर नाव इथे आणि बाई माहेरी, जालन्याला. जुलै २०२५ पासून शिध्यासाठी चेहऱ्याची पडताळणी आली. त्या पडताळणीच्या नोंदणीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो, आणि तो मोबाइल घेऊन नवरा एमआयडीसीत पाळीवर गेलेला असतो. यात अंगणवाडी सेविकेचा काय दोष? तिलाही शिध्याचं पाकीट देऊन मोकळं व्हायचं असतं.

हुकतात ते नेमके मोलाचे महिने. शिध्याबरोबर लोहाच्या गोळ्याही अशाच हुकतात; त्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. मेंदू सर्वांत वेगाने वाढतो तो पहिल्या दोन वर्षांत. उष्टावणानंतरच्या काळात लोह कमी पडलं तर त्याची झळ लक्ष लागण्याला, शिकण्याला बसते. पुढे औषधाने रक्त भरतं, पण मेंदूच्या वाढीत पडलेली तूट पूर्ण भरून येईलच असं नाही.

रेशनकार्डावर जालन्याचा मजूर आज अंबरनाथच्या दुकानातून धान्य उचलू शकतो. मग गरोदर बाईलाच एका अंगणवाडीशी का जखडायचं? अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नाव हलवण्याची सोय आहे, पण नाव हलेपर्यंत तिने उपाशी का थांबावं?

माझी मागणी साधी आहे. माता व बाल संरक्षण कार्ड दाखवलं की कोणत्याही अंगणवाडीत त्याच दिवशी शिधा आणि उपकेंद्रात गोळ्या मिळाव्यात. नाव हलवण्याचं काम नंतर कार्यालयाने करावं. चेहरा जुळला नाही तर वहीत नोंद करून पाकीट द्यावं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात तिन्ही शहरांतल्या बायका बाळंतपणाला येतात. घरी सोडताना ‘आता राहणार कुठे?’ एवढं विचारून त्या भागातल्या अंगणवाडीला कळवता येईल. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपरिषदा आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांनी एकत्र बसून हे लेखी ठरवावं, आणि तो कागद प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर लावावा.

— एक वाचक, बदलापूर (पूर्व)