स्तूपाचा 'तो'

मागल्या दिवाळीत आमचे एक स्नेही जपानची सहल करून आले आणि फराळाच्या ताटाशेजारीच त्यांनी फोटो पसरले. त्यांत तोक्यो टॉवर होता. १९५८ साली पुरा झालेला, ३३३ मीटर उंचीचा पोलादी मनोरा. "याचं रीतसर नाव 'निप्पोन देम्पातो'," मी म्हणालो, "आणि त्यातला 'तो' मूळचा आपला."

स्नेह्यांना थट्टा वाटली. पण संस्कृत 'स्तूप' पाली-प्राकृतात 'थूप' झाला, भिक्षूंबरोबर चीनला गेला, तिथे त्याच्यासाठी एक अक्षर रूढ झाले. ते अक्षर चिनी माणूस आज 'ता' वाचतो आणि जपानी 'तो'. वस्तू मात्र वाटेत पार पालटली. आपला भाजे-कार्ल्याचा स्तूप बसका, पालथ्या भांड्यासारखा. होर्यूजीचा 'तो' म्हणजे एकावर एक पाच छपरे चढवलेला लाकडी मनोरा. पुढे बुद्धही मागे राहिला, नुसती उंची उरली. पॅरिसच्या आयफेल टॉवरलासुद्धा जपानी माणूस 'एफेरु-तो'च म्हणतो!

"म्हणजे तोक्योतला 'तो'ही आपलाच!" स्नेह्यांची छाती फुगली.

इथे मला मास्तरकी करावी लागली. तोक्योतला 'तो' म्हणजे पूर्व. त्याचे अक्षर निराळे, कुळ निराळे. नुसत्या आवाजावर नाती जोडायची तर या ताटातल्या लाडवाचे तूपही स्तूपातून काढता येईल. आणि अभिमानच बाळगायचा, तर कचेऱ्यांच्या उंच इमारतींना जपानी लोक 'बिरु' म्हणतात, ते इंग्रजी 'बिल्डिंग'चे डोके ठेवून धड उडवलेले. (त्यातला 'बि' दीर्घ केलात, तर समोर बिअर येते. ऱ्हस्वदीर्घावरून माझ्याशी वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

स्नेही हिरमुसले. तेवढ्यात खालचा एक फोटो वर आला. त्यात स्मशानातल्या थडग्यामागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या होत्या. त्यांना 'सोतोबा' म्हणतात. अख्खा 'स्तूप' या शब्दात शिल्लक आहे. फळीच्या माथ्याला खाचा पाडून पाच थरांच्या स्तूपाचा आकार दिलेला असतो, आणि मृताच्या नावे ती उभी करतात. अस्थींवर उभारायचा तो स्तूप, हा जुना अर्थ मनोऱ्यांनी सोडला, या फळीने धरून ठेवला.

"यावर चिनी लिहिलंय," स्नेही म्हणाले.

"खाली चिनी. वरची अक्षरं सिद्धम् लिपीतली, संस्कृत बीजाक्षरं. आपल्या नागरीची चुलत बहीण."

त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो दिव्याजवळ नेला.