आधी मोजा, मग पाना लावा

गाडीची किरकोळ कामं घरी करायची असं कुणी ठरवलं की बाजार त्याच्यापुढे पहिल्यांदा १०८ नगांची पेटी ठेवतो. ओळीने मांडलेल्या चकचकीत गोट्या, रॅचेट, बिट्स. बघूनच हात शिवशिवतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की ती पेटी घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. त्यातल्या कितीतरी गोट्या तुमच्या गाडीच्या कुठल्याच नटाला लागणार नाहीत, आणि सुरुवातीला ज्या दोन वस्तूंची सगळ्यात जास्त गरज पडते त्या बहुधा त्या पेटीत नसतातच. एक, टायरची हवा मोजायचा गेज. दुसरी, मल्टिमीटर.

हा विषय निघाला माझ्या पुतणीमुळे. तिला कऱ्हाडला नोकरी लागली, राहते साताऱ्यात, म्हणून तिने एक जुनी वॅगनआर घेतली. हायवेवरची रोजची ये-जा. मला म्हणाली, "काका, गॅरेजवाला सांगेल त्याला नुसती मान डोलवायची नाहीये मला. काय काय हत्यारं घेऊ ते सांग." पान्यांची नावं ऐकायला मिळतील अशी तिची अपेक्षा होती. मी आधी मोजमापाच्या वस्तू सांगितल्या. ताप मोजल्याशिवाय औषध घेऊ नये हे आपल्याला घरात कळतं, गाडीच्या बाबतीत मात्र आपण थेट पार्ट बदलायला निघतो.

हवेचा गेज चार-पाचशे रुपयांत बरा मिळतो. पंपावरच्या यंत्राचा काटा बरोबर असेलच असं नाही, आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापून आतला दाब वाढलेला असतो. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. टायरच्या कडेवर जो आकडा असतो तो त्या टायरला सोसणारा जास्तीत जास्त दाब. तो बघून हवा भरू नका. डिकीत सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असला तर मोजलेली हवा तिथल्या तिथे भरताही येते. टायरच्या खाचा मोजायलाही वेगळं काही लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो टायर संपला. पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरताना ब्रेकइतकाच या खाचांवर आपला जीव अवलंबून असतो.

मल्टिमीटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे वाचवणारी वस्तू हीच आहे. सकाळी गाडी 'कट् कट्' करते आणि सुरू होत नाही. बॅटरीच्या दुकानात गेलात तर नवी बॅटरी मिळेल. घरी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल काडी प्लसला आणि काळी मायनसला टेकवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर रिकामी. मग कुणाकडून तरी जंपर लावून गाडी सुरू करा आणि इंजिन चालू असताना पुन्हा मोजा. आता आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. तो बारावरच अडकला असेल तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे. तिला चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट काम करत नाही. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही लवकरच बसते.

पुतणीच्या गाडीत दोन्ही आकडे ठीक होते आणि तरीही ती सकाळी कुरकुरत होती. बॉनेट उघडून बॅटरीकडे नीट पाहिलं. मायनसच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढावी तशी पूड साचली होती आणि क्लॅम्प हाताने हलत होता. इथे पहिल्यांदा पाना लागला, तोही एकच, दहाचा. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. बसवताना उलट, प्लस आधी आणि मायनस शेवटी. याचं कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर जबरदस्त ठिणगी उडते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने तिने ती पूड घासली तेव्हा पाणी फसफसून वर आलं आणि खालून शिशाचा राखाडी रंग दिसू लागला. मग सुकं फडकं, क्लॅम्प घट्ट, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

आता पाने. एकदम सगळे घेऊ नयेत, पण घ्याल ते चांगले घ्यावेत. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा आणि अठरा-एकोणीस या मापांचे रिंग पाने घेतले की छोट्या गाडीची घरी करण्यासारखी बहुतेक कामं निघतात. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी धरतो, उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंनी. गोटी पाना घ्यायचा तर गोटी आतून सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी नटावर चटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच जास्त लवकर खाते, आणि एकदा कोपरे गेले की दहा मिनिटांचं काम वेल्डिंगवाल्यापर्यंत जातं. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं आहे का बघा. टपारियाची हत्यारं नाशिकला सातपूरमध्ये बनतात, गॅरेजमधल्या कुठल्याही पोराला ती ठाऊक असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे पाना हातात घेऊन, वजन तोलून, एकेक नग विकत घेता येतो. बरोबर एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, डोक्याला लावायचा टॉर्च. एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि वायपरचे ब्लेड बदलायला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि ही तीन कामं नवशिक्याने पावसाळ्याआधी हमखास करावीत.

चाकाच्या नटांचं प्रकरण वेगळं आहे. पंक्चरवाला हवेच्या गनने नट आवळतो ते कधी कधी इतके घट्ट बसतात, की गाडीबरोबर आलेल्या वीतभर पान्याने सुटत नाहीत. म्हणून लांब दांड्याचा किंवा क्रॉस पाना डिकीत हवा. त्याचं माप मात्र आधी लावून बघा. कुणाला १७ लागतो, कुणाला १९, कुणाला २१. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे. बसवताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. बहुतेक छोट्या गाड्यांना सुमारे १०० न्यूटन-मीटर जोर पुरतो. सोप्या हिशेबात, फूटभर लांब पान्याच्या टोकावर साधारण ३३ किलोचा भार. पान्यावर उभं राहून नट आवळणारा सत्तर किलोचा माणूस त्याच्या दुप्पट जोर लावतो, आणि त्याने आटे ताणले जातात. पुढेमागे टॉर्क रेंच घ्याच. गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा दिलेला असतो.

आणि जॅक. इथे मला कुणाचीही भीड ठेवायची नाही. गाडीबरोबर मिळतो तो कात्रीजॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. खाली शिरायचं काम असेल तर जॅक स्टँडची जोडी लागते, जमीन सपाट आणि टणक लागते, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लागतो. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, त्याखाली जाड फळी घाला. स्टँड घ्यायचे नसतील तर गाडीखालचं काम गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही.

२०१३ नंतरची गाडी असेल तर एक स्कॅनरही घेण्यासारखा आहे. त्या वर्षापासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ आलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटी डबी खोचली की पिवळा दिवा का लागला त्याचा कोड मोबाइलवर दिसतो. पण कोड म्हणजे खरेदीची यादी नव्हे. पी ०१७१ दिसला तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडते आहे एवढंच कळतं. ते एखाद्या फाटलेल्या रबरी पाइपमुळेही असू शकतं. पाइप आधी चाचपा, सेन्सर नंतर.

काही कामांना हात लावू नका. ब्रेक, एअरबॅग, सीएनजीची लाइन, हायब्रिड गाडीतल्या केशरी वायरी, हे सगळं जाणकाराचं. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडायचं नाही. आणि कधी ऑइल स्वतः बदललंत तर काळं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्या, त्यांच्याकडून ते पुढे जातं.

पुतणीच्या पिशवीत सध्या वर सांगितलेलं एवढंच सामान आहे. पुढचं हत्यार तिने पुढचं काम निघेल तेव्हा घ्यावं. तुम्हीही येत्या रविवारी एवढं करा: गेज आणा, डिकीतली फळी उचला आणि स्टेपनीची हवा मोजा. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर ती चालवायची नसते. दोन्ही आकडे तिच्यावरच छापलेले असतात.