जुने बंद, नवे रखडलेले. रुग्णाची नोंद कुठे?

जुलै २०२२ मध्ये राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वापरली जाणारी एचएमआयएस ही संगणकप्रणाली बंद पडली. ती चालवणारी खासगी कंपनी आणि सरकार यांच्यात थकीत देयकांचा वाद होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. पुढे एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेची प्रणाली आणायचे ठरले. मात्र नवी येण्याआधीच जुनी गेली होती.

माळशिरसकरांचा याच्याशी संबंध काय? तालुक्यातला गुंतागुंतीचा रुग्ण सोलापूरच्या सिव्हिलला किंवा पुण्याच्या ससूनला पाठवला जातो. दोन्ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. तिथून परतलेला रुग्ण कार्ड हरवून बसला, तर 'सकाळची पांढरी गोळी' एवढ्यावर डॉक्टरने औषध कसे ओळखायचे? आषाढीला नातेपुते, माळशिरस, वेळापूरमार्गे चालणाऱ्या वारकऱ्याला चक्कर आली, तर त्याचा जुना ईसीजी कुठे शोधायचा?

संगणकप्रणाली बदलण्याचे काम रखडणे जगभर घडते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी 'व्हिस्टा' ही प्रणाली तिथल्याच डॉक्टरांनी आणि प्रोग्रॅमरनी मिळून उभी केली. तिच्या जागी नवी प्रणाली आणण्याचा करार २०१८ मध्ये झाला. पाच ठिकाणी ती सुरू झाली, तक्रारी वाढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये पुढचे काम थांबवण्यात आले. पण बाकीच्या रुग्णालयांत जुनी 'व्हिस्टा' चालूच होती. काम रखडले तरी तिथल्या नोंदी हाताशी राहिल्या.

फरक इथेच आहे. अनेक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याच्या गोळ्या आम्ही एकदम बंद करत नाही, डोस हळूहळू उतरवतो. शरीराची स्वतःची ग्रंथी पुन्हा काम करू लागायला वेळ लागतो. मधेच आधार काढला तर रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णालयाच्या नोंदींनाही हाच नियम लावायला हवा.

म्हणून करारातच तीन अटी हव्यात. नवी प्रणाली नीट चालेपर्यंत जुनी बंद होणार नाही. देयकाचा वाद झाला तरी नोंदी वाचता येतील. आणि त्या नव्या प्रणालीत हलवून देण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहिलेले असेल.

तोवर आपल्या हातात काय? आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी 'आभा' क्रमांक जरूर काढा. पण रुग्णालयाने नोंद त्याला जोडली नसेल, तर नुसत्या क्रमांकातून डॉक्टरला काही दिसत नाही. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, औषधांची नावे व डोस आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, यांचे फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागदांची फाईल मात्र टाकू नका. पुढच्या डॉक्टरला ती पहिल्यांदा लागते.