पेशींची झडती

वाकड पुलाजवळ पहाटे मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत टाटा हॉस्पिटलची फाईल छातीशी धरलेलं कुणी ना कुणी असतंच. हा अंक त्यांच्यासाठी.

रोगप्रतिकारक यंत्रणेतली मारक टी पेशी इतर पेशींच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे चाचपते. तुकडा परका निघाला की ती त्या पेशीला घट्ट बिलगते, परफोरिनने तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत ग्रॅन्झाइम सोडते. ती पेशी आतूनच मोडते. टी पेशी पुढच्या झडतीला मोकळी! कर्करोग मात्र अनेकदा हे तुकडेच दडवतो. म्हणून आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी रुग्णाच्याच टी पेशींवर काही रक्तकर्करोगांच्या पेशींवर आढळणारं ‘सीडी19’ हे प्रथिन थेट ओळखणारा ग्राही बसवला. 2023 मध्ये ‘नेक्सकार19’ नावाच्या या उपचाराला मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा खूपच स्वस्त, तरीही खर्च लाखांत. चाकणच्या कंत्राटी कामगाराला तो कसा पेलावा, हे आम्ही या अंकात डॉक्टरांना विचारलं आहे.